रिकाम्या प्याल्याचा वास

एकदा डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात मक्याची दारू गाळणारी एक जुनी भट्टी होती. गाळून निघालेली दारू पाण्यासारखी पांढरी आणि जिभेला झोंबणारी असे. ती ओकच्या पिंपांत भरून, खडकात खोदलेल्या थंड कोठारात वर्षानुवर्षे ठेवली जाई. पिंपे भरण्यापूर्वी आतून जाळलेली असत. त्या जळक्या लाकडातून दारूला रंग येई, गुळाची आणि भाजक्या कणसाची चव येई. पुरेशी वर्षे गेली की विक्रीला काढण्याआधी तिला एका पावसाळ्यापुरते दुसऱ्या लाकडाच्या पिंपात ठेवायचे, अशी तिथली रीत होती. ओकच्या पिंपाला कामगार 'घर' म्हणत आणि या शेवटच्या पिंपाला 'ओसरी'. परगावी निघालेला माणूस ओसरीवर घटकाभर टेकतो, तशी दारू तिथे टेकत असे. ओसरी नेहमी फणसाच्या लाकडाची करीत. त्या लाकडाचा मधाळपणा दारूत सर्वांत शेवटी उतरे.

या भट्टीत एक वृद्ध पारखी होते. लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणत. कोणते पिंप विकायचे, कोणते थांबवायचे आणि कोणते ओतून टाकायचे, हे त्यांच्या जिभेवर ठरत असे. ते दारू पीत नसत. घोटभर तोंडात घोळवून राखेच्या टोपलीत थुंकत, थोडा वेळ डोळे मिटून बसत आणि निर्णय सांगत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य तयार होत होता. तो त्याच भट्टीत पिंपे बांधणाऱ्या सुताराचा एकुलता एक मुलगा. जहाजातून आलेल्या ओकच्या फळ्या जुळवणे, त्यांना लोखंडी कड्या चढवणे, पिंप आतून जाळणे आणि ओसरी बांधणे, हे सगळे काम सुतार एकटा करी. लाकूड त्याला डोळे मिटून, केवळ वासावरून ओळखता येई. थट्टेने कोणी नाकाखाली ढलपी धरली, तर तो झाडाचे नाव सांगून वर म्हणे, "हे पावसात भिजलेलं होतं. कुणी विकलं तुला?"

या सुताराच्या शेवटच्या वर्षाची ही गोष्ट आहे.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्याने एक ओसरी बांधली. रीतीप्रमाणे तिला बाहेरून तेल आणि काजळीचा हात दिला, त्यामुळे लाकडाचा रंग कोणाला दिसला नाही. कोठारात नेताना हमाल म्हणाले, "यंदाची ओसरी जड झालीय." सगळे हसले. म्हाताऱ्याने फळ्या जाड ठेवल्या असतील, असे म्हणून विषय संपला. भट्टीचे मालक असलेल्या शेठजींनी आपली सर्वांत जुनी दारू त्या ओसरीत भरली. ती ओकच्या पिंपात पडली तेव्हा शिष्य अगदी लहान होता, इतकी ती जुनी होती.

पिंप कोठारात गेले आणि सुताराची बुद्धी ढळू लागली. आधी हत्यारांची नावे गेली, मग माणसांची. एका सकाळी त्याने मुलाचा हात धरून विचारले, "माझा रंधा तू चोरलास ना?" रंधा समोरच्या खुंटीला टांगलेला होता. मुलाने तो काढून हातात दिला. सुताराने रंध्याकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि म्हणाला, "चोर तो चोर, वर परत आणून देतो." पुढे तो मुलाला परका समजू लागला. जेवणाचे ताट ढकलून देई. "माझ्या मुलाला बोलवा, हा माणूस नको," असे शेजाऱ्यांना सांगे. मुलगा त्याला न्हाऊ घाली, कपडे बदली, हाताला धरून अंगणात फिरवी, आणि सगळा वेळ शिव्या ऐकत राही.

आणखी एक खोड त्याला लागली होती. भिंतीवर, दारावर, खाटेच्या फळीवर, जे लाकूड हाताला लागेल त्यावर तो बोटांच्या पेरांनी ठोके देई आणि विचारी, "आत कोण आहे?" उत्तर मिळाले नाही की पुन्हा ठोके. मग विचारी, "उजेड दिसतो का?"

मुलगा पहिल्यांदा समजुतीने सांगे, "बाबा, आत कुणी नाही. भिंत आहे ती."

"उजेड दिसतो का?"

"भर दुपार आहे. दिसतोय की उजेड."

हे ऐकून सुतार अस्वस्थ होई. पुन्हा ठोके देई, पुन्हा तेच विचारी. दिवसातून कितीदा, याला हिशेब नव्हता. शेवटी शेवटी मुलगा नुसते "दिसतो, दिसतो, झोपा आता," असे म्हणून पाठ फिरवी. पावसाळा सरता सरता सुतार गेला. जाताना तो मुलाला काहीही म्हणाला नाही, त्याची नजर छतावर होती. मुलाने सर्व विधी यथासांग केले. त्याच्या डोळ्यांना पाणी आले नाही. तेराव्यानंतर त्याने सुतारखोलीला कुलूप लावले आणि तो भट्टीत कामावर परतला.

थंडी पडू लागली, तसा ओसऱ्या उघडण्याचा दिवस आला. शेठजी स्वतः कोठारात आले. ते म्हणाले, "अण्णा, तुमचं वय झालं. यंदा जुन्या दारूचा निकाल या पोराला देऊ द्या. कधीतरी सुरुवात करायलाच हवी."

"देऊ दे," अण्णा म्हणाले.

शिष्याने बूच काढले, लांब दांड्याची पळी आत सोडली आणि प्याला भरला. दारू सोनेरी असायला हवी होती, ती रक्तचंदनासारखी लाल निघाली. शेठजींच्या कपाळावर आठी पडली. शिष्याने घोट घेतला आणि त्याचे तोंड आक्रसले. विड्यात कात जास्त पडावा, तशी जीभ टाळूला चिकटली. त्याने राखेत थुंकले, पाण्याने चूळ भरली, पुन्हा चूळ भरली.

"खैर," तो म्हणाला. "हे फणसाचं लाकूडच नाही. त्यांनी खैराची ओसरी बांधली."

"खैराची?" शेठजींना खरे वाटेना. "अरे, कातासाठी तोडतात तो खैर? तुझ्या बापाला लाकूड कळलं नाही?"

"त्यांना तेव्हा काहीच कळत नव्हतं. आपल्यालाच ते उशिरा कळलं." शिष्याने प्याला खाली ठेवला. "ओतून टाका. आणि पिंप फोडून भट्टीत घाला."

"ओतून टाका म्हणे. माझ्या तरुणपणची दारू आहे ती. तिच्याबरोबर मी म्हातारा झालो."

"मग काय करायचं, शेठ? तुरटपणाशिवाय तिच्यात काही उरलेलं नाही. तुम्हीच चाखा."

शेठजींनी चाखले आणि त्यांना ठसका लागला. मग दोघांनी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी वेगळा प्याला घेतला, त्यात थोडी दारू ओतली, घोट घोळवून थुंकला आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटले. ते नेहमीपेक्षा बराच वेळ बसून राहिले. मग उठले आणि प्याल्यात उरलेली सगळी दारू त्यांनी दगडी मोरीत ओतून दिली. शिष्य प्याला विसळायला पुढे झाला, तेव्हा त्यांनी तो त्याच्या हाती दिला नाही. रिकामा, न धुतलेला प्याला त्यांनी कोठाराच्या कोनाड्यात ठेवला.

"निकाल उद्या सकाळी," ते म्हणाले.

शेठजी वैतागून हसले. "अण्णा, दारू तर तुम्ही मोरीला पाजलीत. उद्या कशाचा निकाल देणार, रिकाम्या काचेचा?"

"हो."

"म्हणजे सुतारासारखं तुम्हालाही आता..." शेठजी बोलता बोलता थांबले. काय बोलत होतो ते त्यांच्या लक्षात आले. "बरं, उद्या तर उद्या," असे पुटपुटत ते निघून गेले.

दुपारी कोठारात कोणी नसताना शिष्य हातोडा घेऊन परत आला. पिंपाच्या कड्या ठोकून सैल केल्या की फळ्या आपोआप सुटतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. पिंपाशेजारच्या चौरंगावर अण्णा बसलेले होते.

"ये," ते म्हणाले. "तू येशील असं वाटलंच."

शिष्याने हातोडा लपवला नाही. "अण्णा, निकाल मी दिलाय. तुम्ही उद्यावर का ढकलताय?"

"आमच्या गुरूंनी एक नियम घालून दिला होता. पारख करणाऱ्याचं पिंपाशी भांडण असेल, तर त्याच्या जिभेवर निकाल द्यायचा नाही. प्याला रिकामा करून ठेवायचा आणि रात्र जाऊ द्यायची. मला आजवर दोनदाच वेळ आली, म्हणून तुला सांगायचं राहिलं."

"माझं पिंपाशी भांडण नाही."

"मग हातोडा कशाला?"

शिष्य खाली बसला. "त्यांनी मला चोर म्हटलं, अण्णा," तो म्हणाला. "गावासमोर."

"हो, मी ऐकलं. माझी तर ओळखच ठेवली नाही. मला विचारलं, 'तुम्ही न्हावी का? तुमचीच दाढी नीट झालेली नाही.'"

शिष्याला हसू आले आणि लगेच मावळले. "ते आजारी होते, हे मला कळतं. राग त्याचा नाही. तुम्हाला खरं सांगू का? मला दुसरं काही आठवतच नाही. बाबांना आठवायला बसलो की तोच चेहरा समोर येतो, तेच शब्द येतात. त्याआधीची एवढी वर्षं होती ना? ते माझ्याशी बोलत असतील, हसत असतील. मी शोधतो, अण्णा. काही हाती लागत नाही. वाटतं, हे पिंप डोळ्यांसमोरून गेलं तर निदान तो तुरटपणा तरी जाईल."

अण्णांनी त्याचे सांत्वन केले नाही. ते इतकेच म्हणाले, "मग सकाळपर्यंत थांब. त्यानंतर फोडायचं असेल तर मी कड्या धरतो."

दुसऱ्या दिवशी उन्हाचा पहिला पट्टा कोठाराच्या दारातून आत आला, तेव्हा शेठजी, अण्णा आणि शिष्य असे तिघे कोनाड्यासमोर उभे होते. प्याला कोरडा झाला होता. तळाशी केवळ एक तांबूस कडे वाळून राहिले होते. अण्णांनी तो दोन्ही तळव्यांत धरून थोडा ऊबदार केला, त्यावर हात झाकला आणि मग शिष्यापुढे धरला.

"घाई करू नकोस."

शिष्याने नाक प्याल्याजवळ नेले. आधी काहीच आले नाही. तो खैर शोधत होता आणि खैर तिथे नव्हता. तुरटपणाचा मागमूसही नव्हता. त्याने श्वास सोडला, पुन्हा घेतला. या वेळी तळातून काहीतरी हलकेच वर आले. गूळ. मग तव्यावर थोडी करपलेली मक्याची भाकरी. आणि त्यामागून जळक्या ओकचा वास आला, कोरडा, गोडसर, उबदार. तो वास त्याने रोज कोठारात घेतला होता, पण इतक्या जवळून, इतक्या बंद जागेत नव्हे.

नव्हे कसा? घेतला होता.

तो सुतारखोलीत जमिनीवर उकिडवा बसला होता, अगदी लहान. नुकतेच जाळून निवलेले ओकचे पिंप बाबांनी कोंबडीवर डालगे घालावे तसे त्याच्यावर उपडे घातले होते. आत मिट्ट काळोख होता आणि हाच वास होता. नवे पिंप तपासायची बाबांची ही पद्धत होती. फळ्यांच्या सांध्यात फट राहिली असेल, तर आत बसलेल्याला उजेडाची रेघ दिसते. मोठा माणूस आत मावत नाही, म्हणून मुलाला बसवायचे. बुचाचे भोक बाबा तळहाताने झाकून धरीत, म्हणजे तिथूनही उजेड येणार नाही. मग बाहेरून फळीवर पेरांचे ठोके पडत.

"आत कोण आहे?"

"मी!"

"मी कोण?"

"मी बुच्या!"

बुचासारख्या गोल गुबगुबीत पोराला बाप बुच्या म्हणे. बाहेरून हसण्याचा आवाज येई. पुन्हा ठोके पडत.

"उजेड दिसतो का?"

तो सगळीकडे मान फिरवून नीट पाही आणि ओरडून सांगे, "नाही दिसत!" म्हणजे पिंप पक्के जमले. मग पिंप वर उचलले जाई, डोळे दिपत आणि काजळीने काळे झालेले दोन हात त्याला उचलून खांद्यावर घेत. पुढे तो मोठा झाला, पिंपाखाली मावेनासा झाला आणि हा खेळ संपला. तो संपला हे त्या दोघांपैकी कोणाच्या ध्यानातही आले नसेल.

शिष्याने प्याला अण्णांच्या हाती दिला आणि तो भिंतीला टेकला. "ते विचारत होते," तो म्हणाला. "पावसाळाभर विचारत होते. उजेड दिसतो का, उजेड दिसतो का. मी 'दिसतो' म्हणत राहिलो."

शेठजींना काही कळले नाही. अण्णांना कळले. त्यांनी त्या पिंपांखाली बसलेले पोर अनेकदा पाहिले होते. मात्र सुताराच्या आजारपणात ते ठोके त्यांच्याही कानावर पडले होते, आणि त्यांना वेडाशिवाय त्यात काही ऐकू आले नव्हते. त्यांनी डोळे पुसले आणि थोड्या वेळाने बोलायला सुरुवात केली.

"शेवटच्या पिंपाचं लाकूड दारूच्या वरवर राहतं. प्याला ओठाला लावला की आधी तेच भेटतं, मोठ्याने भेटतं. माणसाला वाटतं, एवढंच आहे. खैर खोटा नाही. तो तुझ्या जिभेला लागला तो खराच लागला, तुरट होता तो तुरटच होता. पण तो एका पावसाळ्याचा आहे. जे वर्षानुवर्षं मुरलं ते खाली असतं, त्याला वर यायला वेळ लागतो. ओल्या प्याल्यात ते कळत नाही. प्याला रिकामा व्हावा लागतो. माणसाचंही, गेल्यावरच..." ते थांबले. "तुझा बाप तुला विसरला, हे मीही समजत होतो. तो मोठ्या झालेल्या मुलाला विसरला रे. लहान्याला नाही. त्याला तो सगळ्या लाकडांत शोधत होता."

शिष्य रडत होता. सुतार गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता आणि त्याला कोणी अडवले नाही. शेठजींनी टोपी काढून हातात धरली होती.

बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "निकाल तुझा आहे. शेठ थांबलेत."

शिष्याने तोंड धुतले. प्याला पुन्हा एकदा हुंगला. मग तो सावकाश म्हणाला, "ओतू नका, शेठ. हिला परत घरात भरा, जुन्या ओकमध्ये. काही वर्षं राहू द्या."

"तुरटपणा जाईल?"

"सगळा नाही जाणार. थोडा राहील. पण दुसरंही कळायला लागेल."

शेठजींनी मान हलवली. "राहू दे. मला तरी कुठं जायचंय," असे म्हणून त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि हमालांना हाक मारायला ते बाहेर गेले.

दुपारपर्यंत ती लाल दारू ओकच्या पिंपात परत गेली. खैराचे पिंप रिकामे झाले. अण्णांनी कड्यांवरून हात फिरवला, सांधे पाहिले. पावसाळाभर भरलेले राहूनही त्यातून एक थेंब झिरपला नव्हता. नाक विसरले होते, हात विसरले नव्हते. हे त्यांनी बोलून दाखवले नाही. हमालांना वरचे झाकण काढून पिंप उपडे करायला सांगितले आणि ते उन्हात जाऊन बसले.

शिष्य एकटाच त्या उपड्या पिंपापाशी राहिला. आत शिरण्याइतका तो आता लहान नव्हता. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने फळीवर पेरांनी ठोके दिले. आतून पोकळ आवाज आला. तो थोडा वेळ थांबला, जणू पलीकडून कोणी काही विचारीत होते. मग फळीला कान लावून हळू आवाजात म्हणाला, "मी बुच्या. उजेड दिसत नाही, बाबा. पिंप पक्कं आहे."

कोणाचे शेवटचे दिवस तुरट गेले असतील, तर त्या घरातल्यांनी प्याला विसळण्याची घाई करू नये.